गायकाची वाणी : शुद्ध कीं स्पष्ट ?

शास्त्रोक्त गायनाच्या बैठकीहून घरीं परतणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांत एक संवाद बहुधा ठरलेला असतो. "गाणें उत्तम झालें, पण शब्द कांहीं कळले नाहींत," असें घरांतील एखादें वडील माणूस म्हणतें, आणि "ख्यालांत शब्द कशाला कळावयास हवेत?" असें उत्तर त्यावर घरांतील जाणकार देतो. दोघांचेंही समाधान होतें, कारण दोघेही एकमेकांस थोडे अरसिक समजून झोपीं जातात. हा वाद इतका जुना व निरुपद्रवी झाला आहे कीं, त्याच्या मुळाशीं कांहीं नैतिक प्रश्न असेल अशी शंकाही कोणास येत नाहीं. आमच्या मतें तसा प्रश्न आहे. दुसऱ्यानें रचलेले शब्द, कित्येकदां दुसऱ्याच भाषेंतले, आपण आपल्या तोंडीं घेतों आणि तिसऱ्याच्या कानावर घालतों. तेव्हां त्या रचणाऱ्याचें, त्या भाषेचें व त्या ऐकणाऱ्याचें आपण कांहीं देणें लागतों कीं नाहीं ? आणि लागत असलों तर तें देणें म्हणजे नेमकें काय ? या प्रश्नाचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

असा विचार अधांतरीं करण्यापेक्षां एखाद्या ठिकाणीं उभें राहून केलेला बरा, म्हणून आम्ही मोशी हें गांव निवडतों. इंद्रायणी देहूवरून वाहत आळंदीस जाते, त्या वाटेवर तिच्या कांठीं हें गांव आहे. १९९७ सालीं तें पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत सामील झालें. एका अंगास भोसरीचे कारखाने, नदीपलीकडे चाकणचे कारखाने, आणि मधून पुणें-नाशिक रस्ता. तेव्हां शेतांच्या जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या यांत नवल नाहीं. या इमारतींतून खानदेश, वऱ्हाड, मराठवाडा, कोंकण व सोलापूरकडचीं कुटुंबें येऊन राहिलीं. त्यांच्या शेजारीं उत्तर हिंदुस्थानांतून व दक्षिणेंतून आलेलींही आहेत. अशा वस्तींत संध्याकाळीं एखाद्या घरच्या दिवाणखान्यांत गाण्याची शिकवणी चालते, तेव्हां एका सतरंजीवर बसलेल्या आठ मुलांच्या जिभा आठ प्रांतांत घडलेल्या असूं शकतात. आणि त्यांनीं गावयाच्या चिजा असतात व्रज भाषेंत, जी त्यांच्यापैकीं बहुधा कोणाचीच घरची बोली नव्हे. उच्चाराचा प्रश्न याहून उघड्या स्वरूपांत कोठें भेटणार ?

प्रथम जाणकाराचा पक्ष नीट ऐकला पाहिजे, कारण तो पोकळ नाहीं. विलंबित ख्यालाच्या एका आवर्तनांत कित्येकदां दोन-तीनच शब्द येतात, आणि त्यांतल्या एखाद्या अक्षरावर गवई रागाचें सगळें घर बांधतो. श्रोता तेथें नायिकेची तक्रार ऐकावयास बसलेला नसतो. षड्जापासून गांधारापर्यंतची वाट तो गवयाबरोबर चालत असतो. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या (१८७२–१९३७) सुरेलपणानें महाराष्ट्र मोहून गेला, तो कांहीं त्यांच्या चिजांचा अन्वय लावून नव्हे. किशोरी आमोणकर (१९३२–२०१७) यांनीं तर स्वर हीच संगीताची खरी भाषा होय, हा विचार मोठ्या निष्ठेनें मांडला. या दृष्टीनें पाहतां सूर हा घरचा धनी, आणि शब्द हा पाहुणा. पाहुण्यानें घरभर वावरूं नये, हें म्हणणें रास्तच ठरतें.

या पक्षास निसर्गाचीही साक्ष आहे. 'आ', 'ई', 'ऊ' हीं अक्षरें एकमेकांहून निराळीं ऐकूं येतात तीं तोंडाच्या पोकळीच्या आकारामुळें. प्रत्येक आकार ध्वनींतील विशिष्ट कंपनांस उठाव देतो. 'ई' व 'ऊ' यांच्या बाबतींत या उठावांपैकीं सर्वांत खालचा उठाव सेकंदास सुमारें ३०० कंपनांच्या आसपास असतो. 'आ'च्या बाबतींत तो याच्या दुपटीच्याही वर असतो. स्त्रियांच्या पट्टीचा तार षड्ज सामान्यतः ४०० कंपनांच्या पुढें जातो. मूळ सूरच त्या उठावाच्या वर गेला म्हणजे 'ई'ची खालची खूण उरत नाहीं, आणि गायिका तोंड थोडें अधिक उघडून 'ई'ला 'ए'कडे झुकविते. हा आळस नव्हे. ती शरीराची मर्यादा आहे. व्यंजनांची गोष्ट याहून कठीण. 'क', 'त', 'प' उच्चारतांना श्वास क्षणभर अडतोच, म्हणजे सूर तुटतोच. अखंड सुराच्या मागें लागलेल्या गवयास शब्द हे वाटेंतल्या खड्यांसारखे टोंचावे, हें स्वाभाविक आहे.

एवढें मान्य करूनही जाणकाराचा निष्कर्ष आम्हांस पटत नाहीं; आणि न पटण्याचें कारण त्याच्याच घरांतलें आहे. तराणा घ्या. तेथें 'दिर दिर', 'तोम्', 'तन' अशीं अक्षरें असतात. त्यांत नायिका नाहीं, सासू नाहीं, नणंद नाहीं, अर्थ शोधणारा श्रोताही नाहीं. तरी 'दिर दिर'चें 'दी दी' झालें कीं तराणा तेथेंच संपला, हें लहान विद्यार्थ्यासही कळतें. अर्थ नसतांनाही जर अक्षर इतकें लख्ख हवें असेल, तर स्पष्टता ही केवळ अर्थाची दासी नव्हे, हें उघड आहे. सूर कोठें सुरू झाला, कोठें थांबला, मात्रेवर पडला कीं मात्रेच्या मागें राहिला, याची ती शिस्त आहे. तबल्यावरचा 'धा' जर 'ता'सारखा वाजला तर कोणीही चालवून घेत नाहीं. मग गळ्यांतल्या 'धा'लाच 'दा' होण्याची सवलत कां असावी ?

आमच्या पूर्वसूरींनीं ही सवलत दिली नव्हती. पाणिनीय शिक्षा या नांवानें प्रसिद्ध असलेल्या ग्रंथांत अक्षर कसें उच्चारावें यास वाघिणीची उपमा दिली आहे. वाघीण आपलें पिल्लूं दांतांत धरून नेते, तेव्हां तें खालीं पडूं नये हीही तिला काळजी असते आणि त्याला दांत रुतूं नयेत हीही असते. या उपमेचें मर्म तिच्या दुहेरीपणांत आहे. गवयांचा दोष सामान्यतः पिल्लूं पाडण्याचा असतो. शब्द वाटेंत कोठें गळाला याची त्यांस दाद नसते. परंतु शाळामास्तरी वळणाच्या शिक्षकाचा दोष उलट असतो; तो प्रत्येक अक्षर असें चावून म्हणावयास लावतो कीं सूर रक्तबंबाळ होतो. त्याच ग्रंथांत वाईट पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांत हेल काढून म्हणणारा, घाई करणारा व मान हलविणारा यांच्या जोडीला लिहिलेलें वाचून म्हणणारा व अर्थ न जाणणारा हेही आहेत. वही समोर धरून, तींतल्या शब्दांचा अर्थ न विचारतां, परीक्षेसाठीं चीज पाठ करणारे विद्यार्थी आज आपल्याभोंवतीं थोडे नाहींत, हें लक्षांत घेतां हा जुना शिक्षाकार आपला शेजारीच वाटतो.

पुढें तेराव्या शतकांत देवगिरीस सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्यांत गायकाचे पंचवीस दोष मोजले आहेत. दांत आवळून गाणारा, नाकांत गाणारा, डोळे मिटून गाणारा यांच्या पंक्तीस ज्याचे वर्ण व्यक्त होत नाहींत असा 'अव्यक्त' गायकही बसविला आहे. तेव्हां "शब्द कळले नाहींत" ही घरांतील वडील माणसाची तक्रार अरसिकतेची नव्हे. महाराष्ट्राच्या भूमीवर रचलेल्या एका थोर संगीतग्रंथाचा तिला आधार आहे.

आतां ही स्पष्टता शिकावयाची कशी, तें थोडक्यांत पाहूं. कारण उपायाशिवाय उपदेश व्यर्थ होय. पहिली पायरी अशी कीं, चीज गाण्यापूर्वीं ती सुराविना, हातानें ताल धरून, साध्या बोलण्याच्या आवाजांत म्हणावी. जें अक्षर बोलतांना गळतें तें गातांना उभें राहत नाहीं. दुसरी पायरी अर्थाची. व्रज भाषेंतले कित्येक शब्द मराठी कानास ओळखीचे वाटतात आणि तेथेंच फसवितात. 'आली' म्हणजे सखी. मराठी मूल समजतें कोणी तरी आली. 'मंदर' वा 'मंदिर' म्हणजे घर. मूल देऊळ समजून गातें आणि विरहिणीला देवदर्शनास धाडतें. 'लंगर' म्हणजे खोडकर, धीट. 'पीर' म्हणजे वेदना. 'जात' म्हणजे जातो. अर्थ कळल्यावर मुलाच्या आवाजांत आपोआप फरक पडतो, कारण जीभ ही बऱ्याच अंशीं मनाची चाकर आहे.

तिसरी पायरी श्वासाची. 'मनमोहन' म्हणतांना 'मनमो' येथें श्वास संपला आणि 'हन' पुढच्या मात्रेस गेलें, तर ना मन उरतें ना मोहन. श्वास कोठें घ्यावयाचा तें सुरावरून जसें ठरवावें तसें शब्दावरूनही. चौथी पायरी महाप्राणांची. 'घ', 'ध', 'भ' यांतला हकार द्रुत लयींत प्रथम पळतो. 'भरी'चें 'बरी' होतें आणि 'घर'चें 'गर' होतें. पांचवी पायरी अशी कीं, व्यंजन मात्रेच्या किंचित् आधीं आटोपावें आणि स्वराक्षर नेमकें मात्रेवर पडावें. म्हणजे शब्दही वाचतो आणि सूरही अडत नाहीं. 'म', 'न', 'ल' या अक्षरांवर सूर टिकतो, 'क', 'त', 'प' यांवर टिकत नाहीं. म्हणून पहिल्यांवर थोडें रेंगाळावें, दुसऱ्यांना हलकेंच स्पर्श करून सुटावें. तार सप्तकांत 'ई' थोडी 'ए'कडे झुकली तर झुकूं द्यावी, परंतु मध्य सप्तकांत ती सूट घेऊं नये. मर्यादा व आळस यांतील भेद येथें आहे. हा सगळा अभ्यास रोज पंधरा मिनिटांचा. पण तो न करतां दहा वर्षें गाणारा मनुष्य दहा वर्षें तोच शब्द पाडीत राहतो.

महाराष्ट्राला तर या शिस्तीचा एक उत्तम आखाडा लाभला होता. पुण्यास ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'शाकुंतल' रंगभूमीवर आलें, तेव्हांपासून पुढें अनेक वर्षें ध्वनिवर्धक नव्हता. शेवटच्या रांगेंतल्या प्रेक्षकानेंही तिकिटाचे पैसे दिले होते, आणि पद कळलें नाहीं तर कथानकच अडत होतें. १९१६ सालच्या 'स्वयंवरा'साठीं भास्करबुवा बखल्यांनीं ख्यालाच्या भारदस्त चालींवर पदें बसविलीं, आणि बालगंधर्वांनीं तीं अशीं गाइलीं कीं रागही राहिला व रुक्मिणीही राहिली. शब्द आणि सूर यांचें हाडवैर आहे असें म्हणणाऱ्यांस हें उदाहरण पुरेसें आहे. आज ध्वनिवर्धकामुळें आवाज शेवटच्या रांगेंत आपोआप पोंचतो. पण पोंचतो तो आवाज, शब्द नव्हे. अस्पष्ट अक्षर दसपट मोठें केलें तरी तें मोठें अस्पष्ट अक्षरच राहतें.

येथपर्यंत वाचकांपैकीं बहुतेकांची संमति आम्हांस मिळेल अशी आशा आहे. पुढचा भाग थोडा अवघड आहे. आपल्याकडे 'स्पष्ट उच्चार' असें म्हणावयाचें असतें तेव्हां पुष्कळ लोक 'शुद्ध उच्चार' असें म्हणतात, आणि हे दोन शब्द एकच समजतात. ते एक नव्हेत. स्पष्टता ही ऐकणाऱ्याच्या कानाशीं बांधलेली आहे. शुद्धता ही कित्येकदां बोलणाऱ्याच्या कुळाशीं, गांवाशीं व जातीशीं बांधली जाते. मोशीच्या त्या सतरंजीवर परत येऊं. खानदेशांतून वा वऱ्हाडांतून आलेल्या घरचें एखादें मूल 'पाणी'ला 'पानी' म्हणतें. शेजारचीं मुलें हंसतात, आणि शिक्षकही कधीं कधीं त्या हंसण्यांत सामील होतो. त्या मुलाच्या मनांत एक गोष्ट कायमची बसते : गाणें हें आपल्यासारख्यांचें नव्हे. तें मूल पुढें गाणें सोडतें, किंवा तोंड मिटून गाऊं लागतें, म्हणजे शार्ङ्गदेवाच्या यादींतला एक दोषी तयार होतो. तो दोष त्याच्या जिभेनें नव्हे, लाजेनें निर्माण केलेला असतो.

आणि यांतील विसंगति पहा. थोड्याच वेळानें वर्गांत जी व्रज भाषेंतली चीज निघते, तींत 'पानी'च बरोबर असतें ! ज्या मुलाला हंसले त्याचा उच्चार तेथें निर्दोष ठरतो, आणि पुणेरी वळणानें 'पाणी' म्हणणाऱ्याची जीभ अडखळते. इतकेंच नव्हे. प्रमाण मराठींत 'जग' म्हणजे दुनिया यांतला 'ज' तालव्य, आणि 'जग' म्हणजे जिवंत रहा यांतला 'ज' दंततालव्य. मराठी मनुष्य हा भेद न शिकतां पाळतो. परंतु व्रज भाषेंतल्या 'जागो'चा 'ज', 'चुनरी'चा 'च' व 'झनन'चा 'झ' हे सगळे तालव्य. तेथें शुद्धतेचा अभिमान बाळगणारा मराठी गवई आपला दंततालव्य उच्चार बिनदिक्कत घुसडतो. 'है', 'मैं', 'और' यांतले 'ऐ' व 'औ' तो मराठी थाटानें 'अइ' 'अउ' असे फोडतो. त्याच्या कानास त्यांत कांहींच खटकत नाहीं, कारण तो स्वतःस शुद्ध समजतो. सारांश, शुद्धता ही एका गांवच्या वेशींत चालणारें नाणें आहे; वेस ओलांडली कीं तिची किंमत बदलते.

याच गोष्टीची एक प्रसिद्ध हकीकत लता मंगेशकर यांनीं स्वतः सांगितलेली आहे. देशाच्या स्वातंत्र्याच्या सुमारास, त्यांच्या उमेदवारीच्या काळांत, मुंबईच्या आगगाडींत संगीतकार अनिल विश्वास यांनीं त्यांची दिलीपकुमारांशीं ओळख करून दिली. ही मराठी मुलगी आहे असें कळतांच, मराठी माणसांच्या उर्दूला वरणभाताचा वास येतो, अशा अर्थाचा शेरा दिलीपकुमारांनीं मारला. मास्टर दीनानाथांच्या या कन्येला तो लागला. परंतु तिनें रुसून न बसतां एका मौलवीकडे उर्दूचे धडे सुरू केले. ही गोष्ट सांगून लोक सामान्यतः एकच बोध काढतात, कीं टीका सोसावी व परिश्रम करावे. तो बोध बरोबर आहे, पण अपुरा आहे. त्या शेऱ्यांत दोन गोष्टी एकत्र होत्या. गझलेंतील शब्दाला त्याचा हक्काचा उच्चार मिळाला पाहिजे, ही मागणी रास्त होती. आणि वरणभात खाणाऱ्या घराण्यांत जन्मणें हा जिभेचा कलंक आहे, ही सूचना रास्त नव्हती. लताबाईंनीं पहिली स्वीकारली आणि दुसरीला आपल्या गाण्यानें खोटें पाडलें. शिक्षकाचें कौशल्य यांतच आहे कीं, त्यानें विद्यार्थ्यासमोर मागणी ठेवावी आणि कलंक ठेवूं नये.

उलट बाजूनें पाहिलें तर महाराष्ट्रानें या बाबतींत औदार्यही दाखविलें आहे. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व (१८८६–१९५२), मराठी रंगभूमीवर गाजले. त्यांची मातृभाषा कानडी होती. त्यांचे शिष्य भीमसेन जोशी (१९२२–२०११) हेही कानडी मुलुखांतले. त्यांची 'संतवाणी' महाराष्ट्राच्या घराघरांत पोंचली, आणि तुकोबांचे अभंग ऐकतांना गाणारा मूळचा कोठला हा प्रश्न कोणी विचारला नाहीं. याचें कारण त्यांच्या जिभेवरून कानडी पुसली गेली हें नव्हे. याचें कारण प्रत्येक अक्षर श्रोत्याच्या पदरांत टाकण्याची त्यांची तळमळ श्रोत्यांस ऐकूं येत होती. परभाषेंत शिरणाऱ्यानें कसें शिरावें याचा हा वस्तुपाठ होय : पाहुण्यासारखें अदबीनें, पण चोरासारखें दबकत नव्हे.

आतां एक असा पेंच राहतो, ज्यांत प्रामाणिक विद्यार्थी खरोखरच अडतो. चिजा तोंडोतोंडीं आल्या. मुहम्मदशहाच्या (कारकीर्द १७१९–१७४८) काळांतल्या सदारंगाची चीज दहा पिढ्यांच्या गळ्यांतून आपणांपर्यंत येतांना तिच्यांतले शब्द झिजले, बदलले, कित्येक ठिकाणीं निरर्थक झाले. घराण्याघराण्यांत एकाच चिजेचे निरनिराळे पाठ मिळतात. पंडित भातखंड्यांनीं 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत शेंकडों चिजा छापल्यामुळें तुलना करण्याची सोय झाली, आणि म्हणूनच पेंच अधिक टोंचूं लागला. विद्यार्थ्यास कळतें कीं गुरुजी म्हणतात तो शब्द अर्थहीन आहे. दुरुस्त करावा तर गुरूचा अवमान, तसाच गावा तर शब्दाचा अवमान. काय करावें ?

आमचें मत असें. गुरूकडून मिळालेला सूर हा अनुभव आहे. गुरूकडून मिळालेला चुकीचा शब्द हा केवळ अपघात आहे. अनुभव जसाच्या तसा जपावा, अपघात जपण्याचें व्रत घेऊं नये. परंतु दुरुस्ती गुरूसमोर बसून, विचारून करावी. भर बैठकींत त्यांना शिकविण्यासाठीं नव्हे. आणि दुरुस्ती म्हणजे पुनर्रचना नव्हे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनीं (१८७२–१९३१) संगीत कुलीन घरांत आणण्याच्या थोर हेतूनें शृंगारिक शब्दांच्या जागीं भक्तिपर पदें योजिलीं. त्या काळीं त्याचा उपयोग झाला, तेंच संगीत आज आपल्या घरांत नांदत आहे, आणि त्याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहों. तरीही स्वच्छ करणें व स्पष्ट करणें या दोन निराळ्या क्रिया आहेत. रचनाकाराचें म्हणणें आपणांस रुचत नसेल तर ती चीज गाऊं नये, किंवा उघडपणें नवी चीज बांधावी; पण त्याचें नांव शेवटीं ठेवून त्याच्या तोंडीं आपले शब्द घालणें हें, हेतु कितीही चांगला असला तरी, खऱ्यास सोडून आहे.

या सर्व विवेचनाचें सार आम्हांस त्या इंद्रायणीच्या कांठींच सांपडतें. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या या नदींत बुडविल्या गेल्या व तेरा दिवसांनीं वर आल्या, अशी कथा आहे. चमत्कारावर ज्याचा विश्वास नसेल त्यानेंही एवढें ध्यानांत घ्यावें कीं, जे शब्द माणसांच्या मुखांत स्पष्टपणें वसले आहेत त्यांना बुडविणारें पाणी जगांत नाहीं. ज्यांस अक्षरओळख नव्हती अशा असंख्य स्त्रीपुरुषांनीं टाळमृदंगाच्या गजरांत हे अभंग पिढ्यान् पिढ्या वाहून आणले. त्यांच्यांत ण व न यांचा भेद न करणारेही पुष्कळ होते व आहेत. परंतु शब्द खाणारे थोडे, कारण दिंडींत शब्द खाल्ला तर पुढचें चरण कोण उचलणार? आळंदीस जोग महाराजांनीं १९१७ सालीं वारकरी शिक्षण संस्था स्थापिली. तेथेंही कंठस्थ करणें, अर्थ समजणें व गाणें हीं निरनिराळीं कामें मानलेलीं नाहींत. मोशीच्या शिकवणीला आदर्श शोधण्यास दूर जावें लागत नाहीं. तो दोन्ही अंगांस हांकेच्या अंतरावर आहे.

म्हणून पहिल्या प्रश्नाचें आमचें उत्तर असें आहे. गायक रचनाकाराचा विश्वस्त आहे. शब्द जसा मिळाला तसा, शक्य तर त्याहून उजळ, पुढें द्यावा हें त्याचें देणें. भाषेचें देणें असें कीं, तिच्या घरीं गेल्यावर तिच्या चालीनें वागावें, आपल्या गांवची चाल तिच्यावर लादूं नये. श्रोत्याचें देणें असें कीं, जें आपण म्हणतों तें त्याला ऐकूं यावें. तो जाणकार असो वा नसो, त्याच्यासमोर पुटपुटणें ही असभ्यता आहे. आणि चौथें एक देणें आहे, ज्याचा उल्लेख ग्रंथांत क्वचितच असतो : शेजारीं बसून शिकणाऱ्या मुलाचें. त्याच्या घरच्या बोलीला अशुद्ध न म्हणतां त्याला दुसऱ्या भाषेंतलें अक्षर लख्खपणें उच्चारावयास शिकविणें, हें शिक्षकाचें काम. ज्या मुलाला आपल्या आईच्या बोलीची लाज वाटत नाहीं, तेंच मूल दुसऱ्याच्या भाषेपुढें तोंड पुरतें उघडूं शकतें. आणि तोंड पुरतें उघडणें ही तर, कोणत्याही गुरूला विचारा, गाण्याची पहिलीच आज्ञा आहे.